रबराच्या झाडाचं खरं काय झालं

ठाणे,
५ ऑक्टोबर

प्रिय मन्या,

गेले तीन-चार महिने तू फोनवर "रबर कसंय?" असं विचारलंस की मी "झकास" म्हणत आलोय. ती थाप होती. फोनवर कबूल करायला जमेना, कारण तू वाक्य पुरं होऊ देत नाहीस. म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच, मग शिव्या घाल.

एप्रिलमध्ये तुम्ही बिऱ्हाड बांधून बंगळुरूला गेलात तेव्हा तुम्ही माझ्याकडे सोडलेलं हे झाड माझ्या छातीला लागत होतं. जुलैत त्यावर मोजून सात पानं उरली. मीच त्याला मरणाच्या दारात नेलं, तेही लाडाने. पूजा झाली की तांब्यातलं उरलेलं पाणी रोज कुंडीत. अधूनमधून चहाचा चोथा, साखरेसकट, कारण तो खत म्हणून चांगला असं कळलं होतं. त्यात काळी प्लॅस्टिकची कुंडी दिसायला बरी नाही म्हणून हिने ती एका निळ्या, चिनी मातीच्या मोठ्या कुंडीत बसवली. या बाहेरच्या कुंडीला भोकच नाही, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

जूनच्या मध्यावर खालची पानं पिवळी पडून गळायला लागली. रात्री दिवाणखान्यात पान पडल्याचा टप्प असा आवाज यायचा आणि माझी झोप उडायची. मग वरची पानं लोंबली. पान लोंबलं की आपण काय करतो? पाणी घालतो. तिथेच फसलो. मुळं कुजली की त्यांना पाणी ओढता येत नाही. माती चिंब असून झाड तहानलेलं दिसतं आणि आपण त्याला आणखी बुडवतो. कुंडीभोवती चिलटं घोंगावायला लागली तरी माझी ट्यूब पेटेना. सल्ले मात्र भरपूर मिळाले: ताक घाला, दिशा बदला, दृष्ट काढा. (दृष्ट काढली. हिने. मी फक्त मीठ-मोहऱ्या आणून दिल्या.)

शेवटी नाक्यावरच्या नर्सरीत गेलो. माळ्याने फोटो पाहिलाच नाही, एवढंच विचारलं, "काका, मातीत बोट घातलं का कधी?" नव्हतं घातलं. घरी येऊन हिची विणायची सुई खुपसली. वरची कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कोरडी ठक्क, दोन इंच खाली निव्वळ चिखल. निळ्या कुंडीच्या तळाशी चार बोटं काळं पाणी, आणि वास असा की शेजारचे ड्रेनेज तुंबलं का विचारायला आले.

मग नखाने खोडाची साल किंचित खरवडली. आत हिरवं निघालं आणि पांढरा चीक ओघळला. मन्या, त्या चिकाने मला इतका आनंद झाला की बाल्कनीत एकटाच हसलो. जीव होता अजून.

रविवारची सकाळ त्यात गेली. मुळांचा गड्डा नळाखाली धुतला. चांगलं मूळ टणक आणि फिकट असतं. कुजलेलं बोटांत धरलं की वरचं साल मोज्यासारखं निघून येतं आणि आत नुसता दोरा उरतो. अर्ध्याहून जास्त मुळं तशीच निघाली. कात्री स्पिरिटने पुसून सगळी कापली. उरलेल्या मुळांना सात पानांचा संसार झेपणार नव्हता, म्हणून काळजावर दगड ठेवून फूटभर शेंडाही छाटला. चार पानं शेंड्यासोबत गेली, तीन खोडावर राहिली. खोड आठ इंची मातीच्या कुंडीत लावलं. भोकावर खापरी, निम्मी लाल माती, बाकी कोकोपीट आणि पर्लाइट, म्हणजे माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे. मोठी कुंडी मुद्दाम टाळली, कारण थोड्या मुळांभोवती जास्त माती असली की ती वाळतच नाही. खत अजिबात नाही. आजाऱ्याला कोणी बासुंदी पाजत नाही. शेंड्याचा चीक धुऊन तो लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पाण्यात ठेवला.

आता तू म्हणशील, हे झाड ईशान्येकडचं, मेघालयात याच रबराच्या मुळांचे जिवंत पूल विणतात, चेरापुंजीच्या असल्या पावसात ते जगतं आणि तुझ्या तांब्याभर पाण्याने मेलं? मलाही हेच कोडं पडलं होतं. पण तिथे पाणी उतारावरून वाहून जातं आणि मुळं उघड्यावर, खडकांवर पसरलेली असतात. वडाचा भाऊबंदच ना तो! मुळांनाही हवा लागते. माझ्या निळ्या डबक्यात मातीतली सगळी पोकळी पाण्याने भरली आणि मुळं गुदमरली. बरणीतल्या शेंड्याला मात्र नुसत्या पाण्यातच मुळं फुटली, कारण ते पाणी मी दर तीन दिवसांनी बदलत होतो, म्हणजे त्यातून मुळांना हवा मिळत होती. आधी सालीवर पांढरे ठिपके, मग शेवयांसारखी मुळं. दीड महिना लागला.

खोडाने ऑगस्टभर काहीच केलं नाही. तीन पानं, ढिम्म. पूर्वेच्या खिडकीशी ठेवून मी रोज फक्त सुई खुपसायचो, पुसायचो आणि गप्प बसायचो. पाणी न घालणं हे किती अवघड काम आहे, तुला कल्पना नाही. गणपती गेले आणि एका सकाळी कापाच्या खाली लवंगी मिरचीएवढं लाल टोक दिसलं. शेंडा गेला की बाजूचे डोळे जागे होतात म्हणे. आठवड्याने शेजारी दुसरं. परवा पहिल्याचं लाल वेष्टन गळून आतून तपकिरी, तुकतुकीत पान उलगडलं.

तर दिवाळीला याल तेव्हा छातीएवढं झाड शोधू नकोस. गुडघ्याएवढं एक खोड आहे आणि शेंड्याचं पिल्लू आता वेगळ्या कुंडीत आहे. पिल्लू तू ने. खोड मी देणार नाही, भांडलास तरी.

आणि चहाच्या चोथ्याचा विषय वहिनींसमोर काढू नकोस. सल्ला त्यांचाच होता. "साखर नीट धुऊन घाला" असंही त्या म्हणाल्या होत्या, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

तुझा,
बाळ्या