आयओक्यूएम (गणित ऑलिंपियाडची पहिली पात्रता परीक्षा): कोणते घटक आधी? रविवारच्या बैठकीआधी वाचा

सर्व पालक आणि विद्यार्थी मित्रांनो,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता नौपाड्यातल्या नेहमीच्या वर्गात अभ्यासाचा क्रम ठरवायचा आहे. येताना प्रत्येकाने जुनी एक प्रश्नपत्रिका ३ तास घड्याळ लावून सोडवून आणावी. कुठला प्रश्न कशामुळे अडला, ते समासात लिहा. त्यावरच प्रत्येकाचा क्रम ठरेल.

कॅल्क्युलस आत्ता सुरू करावं का, असं बऱ्याच पालकांनी विचारलं आहे. या परीक्षेसाठी त्याची गरज नाही. बीजगणित, भूमिती, संख्या सिद्धांत आणि मोजणीचं गणित (किती प्रकारे, ते मोजणं) हे चार घटक पक्के हवेत. राज्य मंडळाच्या मुलांची भूमिती दहावीच्या चक्रीय चौकोन आणि स्पर्शिका-छेदिकेपर्यंत बरी झालेली असते. खरी तूट संख्या सिद्धांतात दिसते, कारण विभाज्यता, मसावि यांच्या पुढे शाळेत फारसं काही येत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: सुरुवात तिथूनच करा. भागाकारातल्या बाक्यांचं गणित हाताशी आलं की मोठमोठे घातांकही सोपे होतात. पाठोपाठ मोजणी घ्या. बीजगणितातली असमता नंतर.

आयओक्यूएमच्या ३० प्रश्नांची उत्तरं ०० ते ९९ मधली पूर्णांक असतात, त्यामुळे मुलं पायऱ्या लिहायचं टाळतात. कृपया तसं करू नका. पुढच्या टप्प्यात, म्हणजे आरएमओत (विभागीय गणित ऑलिंपियाड), ६ प्रश्न असतात आणि तिथे पूर्ण सिद्धता मांडावी लागते.

नववीच्या मुलांनी वही वेगळी आणावी.