बुलेट ट्रेनच्या ठाणे स्थानकाबाहेर आधी रस्ते आखा

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस खुले पत्र

महोदय,

बुलेट ट्रेनचं ठाणे स्थानक नावापुरतं ठाण्याचं. प्रत्यक्षात ते होतंय म्हातार्डीत, आमच्या दिवा गावाला लागून. बीकेसीतून (वांद्रे-कुर्ला संकुलातून) निघालेला २१ किलोमीटरचा बोगदा शिळफाट्याला संपतो आणि पुढे हे स्थानक. ५०८ किलोमीटरच्या या मुंबई-अहमदाबाद मार्गावर ठाणे, विरार, सुरत आणि साबरमती या चार स्थानकांच्या परिसर विकासासाठी जायका या जपानच्या सरकारी मदतसंस्थेच्या मदतीने ‘प्रोजेक्ट स्मार्ट’ हाती घेतलाय. गाडी हवी की नको, हा वाद इथे नको. मला धास्ती आहे ती स्थानकाबाहेर पाऊल टाकल्यावर काय दिसेल याची.

कारण बीकेसी आपल्या डोळ्यांसमोर आहे. इमारती देखण्या, पण प्रत्येकीची कंपाउंड वॉल वेगळी, गेट वेगळं. समोर दिसणाऱ्या ऑफिसात जायचं तरी भिंतीला वळसा. संध्याकाळी टाय लावलेली माणसं कुर्ल्याच्या शेअर रिक्षासाठी भर रस्त्यात उतरून हात करतात. देशातल्या सगळ्यात महाग जमिनींपैकी एक, आणि ही तऱ्हा!

दिव्यात तर फुटपाथ शोधावा लागतो. त्यात म्हातार्डी, आगासन, बेतवडे ही जुनी आगरी गावं. भराव घालून टॉवरचे प्लॉट उंच केले, की पावसाचं पाणी गावठाणातच शिरणार. दिवा पाण्याखाली जाताना आम्ही पाहिलंय, नवं काही नाही.

नुसती गाडी थांबली म्हणून शहर वसत नाही. जपानचं शिन-योकोहामा १९६४ साली शेतात उभं राहिलं. शहराची मेट्रो तिथे पोचायला १९८५ उजाडलं. आपल्याकडे क्रमच उलटा होईल: एफएसआय (म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करायचं त्याची परवानगी) पहिल्या दिवशी, रस्ता सवडीने. म्हणून विनंती एवढीच, की वाढीव एफएसआय देण्याआधी रस्ते आणि नाले जमिनीवर आखून घ्या. दिवा स्टेशनपासून नव्या स्थानकापर्यंत छत्री न उघडता चालत जाता यावं. प्लॉट लहान ठेवा, रस्त्याच्या बाजूला पोडियम पार्किंगच्या (इमारतीच्या खालच्या मजल्यांवरच्या पार्किंगच्या) भिंती नकोत, दुकानं हवीत. वडापाववाल्यालाही त्यात जागा धरा. तो येणारच आहे.

आणि आराखड्याच्या हरकती-सूचनांची सुनावणी दिव्यातच ठेवा, तीही रविवारी. बाकीचे सहा दिवस आम्ही लोकलला लटकलेले असतो.

आपला,
एक दिवेकर