लवणीतली फुली

ताई,

सप्रेम नमस्कार. विचारल्याशिवाय तुमचं नाव इथे लिहिणं बरं नाही, म्हणून नुसतं ताई म्हणते. न्यूक्लिअर मेडिसिनच्या खोलीत आईची दोन्ही पावलं गार पडली होती, तेव्हा तुम्ही त्यांवर स्वतःची शाल टाकलीत. तेवढ्यावरून ओळख पटेल.

आईच्या टाचेवरचा काळा डाग वर्षभर कुरूप म्हणून कापला जात होता. मग बायोप्सी झाली आणि मेलानोमा निघाला. त्वचेचा कॅन्सर उन्हाने होतो, एवढंच आम्ही ऐकलेलं. आपल्या लोकांत हा कॅन्सर मुळात कमी, आणि झाला तर बऱ्याचदा तळव्यावर, टाचेवर, नखाखाली होतो, हे तेव्हा कळलं.

तो पसरायला निघालाच, तर लसिकेबरोबर, म्हणजे अंगात बारीक नळ्यांतून वाहणाऱ्या पाण्यासारख्या द्रवाबरोबर, आधी ज्या गाठीत जाईल ती शोधायची होती. सेंटिनल नोड, म्हणजे पहाऱ्यावरची गाठ. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हे आईला लहानपणापासून ठाऊक. आम्ही सगळेच जांघ धरून चाललो होतो. टाचेत टेक्निशियमच्या, म्हणजे स्कॅनवर वाट दाखवणाऱ्या किरणोत्सारी औषधाच्या, चार सुया गेल्या तेव्हा तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की वळ उठले.

पडद्यावर पायाच्या आतल्या अंगाने एक रेघ वर चढली आणि जांघेत ठिपका उमटला. झालं, असं वाटून आई उठायला लागली. तिला एसटी गाठायची होती. तुम्ही म्हणालात, "आजी, जरा पालथ्या होता का? पोटरीमागून आणखी एक रेघ जातेय, ती कुठे थांबते ते बघू दे."

ती गुडघ्याच्या लवणीत थांबली. टाचेकडची लसिका कधीकधी पोटरीमागच्या शिरेच्या सोबतीने तिथे जाते. तिथल्या ग्रंथी मोजक्या, चरबीत दडलेल्या, बोटाला सहसा लागत नाहीत. तुम्ही आईच्या पायावर एक बारीक खूण सरकवत सरकवत पडद्यावरच्या ठिपक्याशी जुळवलीत आणि तिथे पेनाने फुली मारलीत. "घासू नका हं," म्हणालात.

दुसऱ्या दिवशी सर्जननी दोन्हीकडच्या गाठी काढल्या. जांघेतली स्वच्छ होती. कॅन्सरच्या पेशी सापडल्या त्या फुलीखालच्या गाठीत.

ताई, नुसती जांघेतली गाठ तपासली असती, तर आम्ही पेढे वाटून घरी गेलो असतो.

नंतर मी मिळेल ते वाचत गेले. 1874 च्या सुमारास सापे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञांनी मृतदेहांत पारा भरून लसिकेचे नकाशे काढले होते. बेंबीच्या पातळीवरून कमरेभोवती एक रेघ धरायची: वरची लसिका काखेत, खालची जांघेत, आणि डावी-उजवी बाजू तिने ओलांडायची नाही. डॉक्टर शंभर वर्षं ते मानत आले. मग 1992 मध्ये डोनाल्ड मॉर्टन या अमेरिकी सर्जननी पहिली गाठ शोधून तपासायची रीत मांडली, आणि सिडनीत रॉजर यूरेन, जॉन थॉम्पसन यांच्या चमूने जिवंत माणसांच्या स्कॅनवर वेगळंच पाहिलं. पाठीवरची लसिका कुणाची दुसऱ्या बाजूच्या काखेत, कुणाची खांद्यामागच्या स्नायूंच्या फटीत, कुणाची थेट आत मणक्याजवळ. वाट ज्याची त्याची, म्हणून प्रत्येकाची बघावीच लागते. तुम्ही ती बघितलीत. डिस्चार्ज कार्डवर सर्जनचं नाव आहे, भूलतज्ज्ञांचं आहे, तुमचं कुठेच नाही. मला ते फार लागलं, म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहिते आहे.

उरलेल्या सगळ्या ग्रंथी काढायच्या नाहीत, लक्ष ठेवायचं, असं डॉक्टरांनी ठरवलं. दर चार महिन्यांनी सोनोग्राफी असते. गेल्या वेळी जांघ बघून झाल्यावर तिथल्या डॉक्टर जेल पुसायला कागद देत होत्या. आईने तो घेतलाच नाही. आपणहून पालथी झाली आणि म्हणाली, "बाई, लवण राहिली."

तुमची,
आजींची लेक