‘बघ्याची भूमिका’ लिहिण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात महामार्गावरच्या अपघाताची बातमी होती. मथळा ‘माणुसकी मेली’, आणि आत नेहमीचं वाक्य : ‘जमलेल्या लोकांनी बघ्याची भूमिका घेतली.’ त्या अपघाताच्या जागी मी नव्हतो. पण तशाच एका गर्दीत मी उभा राहिलो आहे, आणि तेव्हापासून हे वाक्य वाचलं की मला राहवत नाही.

मागच्या श्रावणातली गोष्ट. सकाळचे साडेनऊ, भुरभुर पाऊस. आमच्या गावाबाहेरच्या फाट्यावर डिझेल सांडलं होतं. मोटारसायकल घसरली आणि वीस-बावीस वर्षांचा पोरगा दुभाजकावर आपटला. हेल्मेट आरशाला अडकवलेलं. बघता बघता पंचवीस-तीस माणसांचं कडं झालं. त्यात मीही होतो. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, प्रथमोपचाराचा धडा किती तुकड्यांना शिकवला असेल, आणि त्या दिवशी मी छत्री धरून नुसता उभा. मनात काय चाललं होतं ते आजही आठवतं. कुणीतरी फोन केलाच असेल, असं वाटत होतं. आणि बाकीचे एवढे शांत आहेत म्हणजे फार लागलं नसावं, असंही वाटत होतं. प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता.

कोपऱ्यावर कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसणारी एक बाई आहे. ती उठली, कडं मोडून आत आली आणि एकेकाकडे बोट करून बोलायला लागली. “ए निळा शर्ट, तू १०८ ला फोन लाव. गुरुजी, तुम्ही रस्त्यावर जाऊन गाड्या थांबवा. पोरी, तुझी छत्री धर ह्याच्या तोंडावर.” बस्स. पुढच्या क्षणी सगळी माणसं हलली. कुणी पाणी आणलं, कुणी गाडी बाजूला घेतली, कुणी पोराच्या खिशातला वाजणारा मोबाईल उचलून त्याच्या आईशी बोललं. तीच माणसं, तोच फाटा.

माझ्या मुलीने एम. ए. ला मानसशास्त्र घेतलं होतं. तिला रात्री हे सांगितलं तर म्हणाली, “बाबा, ह्याच्यावर पन्नास-साठ वर्षं संशोधन चाललंय.” तिने दिलेलं मी वाचून काढलं.

सुरुवात न्यूयॉर्कची आहे. १३ मार्च १९६४ ला किटी जिनोव्हीज या तरुणीचा तिच्या घराजवळ खून झाला. दोन आठवड्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर छापलं की अडतीस शेजारी बघत राहिले आणि हल्ला चालू असताना कुणीही पोलिसांना फोन केला नाही. सगळी अमेरिका हळहळली. शहरातली माणसं दगड झाली, असं जो तो म्हणू लागला. जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांना मात्र ते पटेना. त्यांनी प्रयोग केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवरून गप्पा मारायला लावलं आणि मध्येच त्यांतल्या एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणारा फक्त आपणच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले ८५ टक्के मदतीला उठले. आणखी चार जण ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले फक्त ३१ टक्के. एकाच्या खांद्यावरची जबाबदारी पाच जणांत वाटली गेली आणि कुणाच्याच वाट्याला पुरेशी आली नाही.

संपादक महोदय, या प्रयोगातली एक नोंद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जे उठले नाहीत ते निवांत बसले नव्हते. संशोधक खोलीत आले तेव्हा त्यांतल्या अनेकांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम सुटला होता, आणि ‘त्याला बरं आहे ना?’ असं ते विचारत होते. मदत न करणारा तो बेपर्वा, हा आपला निष्कर्ष इथेच चुकतो. फाट्यावर माझ्याही हातातली छत्री थरथरत होती. बाहेरून मी बघ्याच दिसलो असणार.

याच दोघांनी एका बंद खोलीत फटीतून धूर सोडला होता. एकटा माणूस असला तर चारांतले तिघे बाहेर येऊन सांगत. सोबत दोन माणसं मुद्दाम बसवली आणि त्यांनी धुराकडे दुर्लक्ष केलं, तर दहांतला एकच. समोरचा शांत म्हणजे काळजीचं कारण नाही, हा हिशेब आपण सगळेच करतो. समोरचाही आपल्याकडे बघून तोच हिशेब करत असतो, हे लक्षात येत नाही.

आता ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या त्या बातमीबद्दल, कारण ती वृत्तपत्राची गोष्ट आहे. पुढे तपासलं तेव्हा अडतीस जणांनी खून बघितला हे खरं ठरलं नाही. बहुतेकांना रात्री तीनच्या सुमारास काहीतरी ओरडा ऐकू आला होता, एवढंच. एकाने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला पळवलं होतं. हल्लेखोर नंतर परत आला. सोफिया फॅरर नावाची शेजारीण तर धोका न बघता जिन्याने खाली धावली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत किटीला कवेत धरून बसली. तिचं नाव त्या बातमीत आलं नाही. २०१६ मध्ये खुन्याच्या मृत्यूची बातमी देताना त्या वृत्तपत्राने स्वतःच मान्य केलं की मूळ बातमी सदोष होती. मधली बावन्न वर्षं जग ‘अडतीस बघे’ हेच घोकत राहिलं.

आणि अलीकडचं सांगायचं तर लँकेस्टर, अ‍ॅमस्टरडॅम आणि केप टाऊन या तीन शहरांतल्या सीसीटीव्हीचं चित्रीकरण संशोधकांनी तपासलं. रस्त्यावरच्या २१९ भांडणांपैकी ९१ टक्के प्रसंगांत बघणाऱ्यांतला निदान एक तरी माणूस मध्ये पडला होता. भांडण आणि अपघात वेगळे हे मला कळतं. तरीही हा आकडा वाचून मला बरं वाटलं. माणूस मुळात धावणारा आहे. त्याला कशाने तरी थबकवलेलं असतं.

आपल्याकडे कशाने थबकवलंय, ते मी त्याच दिवशी बघितलं. रुग्णवाहिका आली, पोराबरोबर मी गेलो. निळ्या शर्टातला मुलगाही मागून त्याच्या गाडीवर आला. रुग्णालयाच्या काउंटरवर आम्हाला आधार कार्ड मागितलं, ‘तुम्ही कोण लागता?’ विचारलं, आणि पोलीस येईपर्यंत बसून राहायला सांगितलं. मी दुपारी तीनपर्यंत बसलो, मी निवृत्त माणूस. त्या मुलाचा नोकरीतला पहिला आठवडा होता. तो सारखा घड्याळ बघत होता, बाहेर जाऊन साहेबांना फोन करत होता. पुढच्या वेळी तो थांबेल का?

खरं तर असं बसवून ठेवण्याचा कुणालाही अधिकार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ ला मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. मदत करणाऱ्याने नाव-पत्ता सांगायलाच हवा असं नाही. त्याला अडकवून ठेवता येत नाही, पैसे भरायला लावता येत नाहीत. साक्षीदार व्हायचं की नाही हे तोच ठरवणार. आणि हे सगळे हक्क प्रत्येक सरकारी व खासगी रुग्णालयाने दर्शनी भागात इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, लावायचे आहेत. केंद्र सरकारने गंभीर जखमीला वेळेत रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला २५ हजार रुपयांचं बक्षीसही ठेवलं आहे. बक्षीस जरूर द्यावं. पण फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या मनात पैसे नसतात, ‘मागे लचांड लागेल’ हे असतं. ते आधी काढायला हवं.

माझी आपल्याला विनंती आहे. अपघाताची बातमी छापाल तेव्हा तिच्याखाली चार ओळींची चौकट द्या : १०८ आणि ११२ हे क्रमांक, मदत करणाऱ्याचे हक्क, आणि ‘कुणीतरी फोन करा’ असं न ओरडता एका माणसाकडे बोट करून सांगा, ही सूचना. असल्या चौकटीने काय होणार, असं वाटेल. १९७८ चा एक अमेरिकी प्रयोग आहे. ज्या विद्यार्थ्यांना या गर्दीच्या मानसशास्त्रावर व्याख्यान दिलं होतं, त्यांच्यासमोर दोन आठवड्यांनी एक माणूस पडलेला दाखवला. त्यांतले ४३ टक्के मदतीला थांबले. ज्यांनी ते ऐकलं नव्हतं, त्यांतले २५ टक्के. नुसतं माहीत असण्याने एवढा फरक पडतो. आपला अंक तर तालुक्याच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर वाचला जातो.

आणि बातमीदारांना सांगा, गर्दीतल्या त्या कोथिंबीरवाल्या बाईचं नावही शोधून छापा. दर गर्दीत एखादी असते.

आमच्या गावातल्या पाच रुग्णालयांत मी स्वतः फिरून आलो. हक्कांचा फलक एकाच ठिकाणी होता, तोही औषध दुकानाच्या जाहिरातीमागे. बाकीच्या चौघांना नियमांची प्रत नेऊन दिली आहे. दोघांनी फलक लावला. उरलेल्या दोघांकडे येत्या सोमवारी पुन्हा जाणार आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. सातारा