कडी न लावलेले दार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. माझी तब्येत बरी आहे, गुडघ्याचे दुखणे आहे तसेच आहे, त्यावर अधिक लिहीत नाही. आमच्या वाचनमंडळाच्या गेल्या बैठकीत जे घडले ते घरी सांगून पाहिले. सर्वांनी शांतपणे ऐकून घेतले, पण त्यात इतके बेचैन होण्यासारखे काय आहे, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. तुझ्या येईल, कारण वाचताना स्वतःचे आयुष्य मध्ये आणावे की नाही, हा वाद मुळात आपल्या दोघांचा आहे.

कथा लहानशी होती. एक म्हातारी एकटी राहते, मुलगा केव्हाच घर सोडून गेलेला आहे, आणि शेवटच्या वाक्यात ती दिवा मालवते पण दाराला कडी लावत नाही. मुलगा परत येईल ही आशा तिने सोडलेली नाही, असा आम्ही सर्वांनी अर्थ लावला आणि चर्चा आटोपत आली. तेवढ्यात एरवी गप्प बसणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "ही आशा नव्हे. मी एकटी राहते. रात्री काही बरेवाईट झाले तर शेजाऱ्यांना दार फोडावे लागू नये, म्हणून मीसुद्धा कडी लावत नाही." मी पुस्तक पुन्हा उघडले. शेजारच्या खिडकीत उजेड दिसेपर्यंत म्हातारी पायरीवर बसून राहते, असे एक वाक्य होते. झोपताना ती धुतलेले कपडे घडी घालून उशाशी ठेवते आणि कपाटाची किल्ली सहज दिसेल अशी खुंटीला अडकवते, हेही होते. ही सारी वाक्ये आम्ही वाचली होती आणि वातावरणनिर्मिती म्हणून सोडून दिली होती. त्या बाईंनी ती आम्हाला दाखवली नव्हती. त्यांनी फक्त स्वतःचे दार सांगितले, आणि वाक्ये आपोआप जागी झाली.

त्यानंतर आमच्या मंडळातले ज्येष्ठ सदस्य, तू त्यांना ओळखतोस, म्हणाले, "बाई, स्वतःबद्दल नको, कथेबद्दल बोला." बाईंनी पुस्तक मिटले आणि मग त्या बोलल्या नाहीत. ते एक वाक्य तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

तू म्हणशील की ते बरोबरच बोलले. विद्यार्थिदशेत माझ्या प्रत्येक निबंधातले "मला वाटते" तू पेन्सिलीने खोडत असायचास आणि समासात "कवितेत कुठे आहे?" असे लिहायचास. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स हा तुझा हुकमी एक्का होता. केंब्रिजमधल्या विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता वाचायला देऊन त्यांचे अभिप्राय त्यांनी 1929 सालच्या पुस्तकात तपासले आणि वाचकाच्या खाजगी आठवणी मध्येच घुसून कवितेचे वाचन कसे भलतीकडे नेतात, ते दाखवले. त्याच्या जोडीला तू विम्सॅट आणि बिअर्डस्ली या अमेरिकन अभ्यासकांचा 1949 सालचा लेख आणायचास, की कविता आणि कवितेने आपल्यावर केलेला परिणाम यांची गल्लत करू नये. मी चिडून "मग कविता वाचायची तरी कशाला?" असे ओरडायचो, आणि तू शांतपणे म्हणायचास, "तू ओरडतोस म्हणून कवितेचा अर्थ बदलत नाही." सर हसायचे, पण निकाल कधी देत नसत.

तुझ्या बाजूचा पुरावा त्याच बैठकीत मिळाला, तोही सांगतो. बाईंच्या आधी एक गृहस्थ बोलले होते. या म्हातारीनेच मुलाला घराबाहेर काढले असणार, असल्या आया मी जवळून पाहिल्या आहेत, असे ते फार कळवळून म्हणाले. कथेत मुलगा भल्या पहाटे, आई झोपेत असताना, स्वतःहून निघून जातो. तिने काढल्याचा कुठे मागमूस नाही. त्यांच्या मनात दुसरीच एक आई होती आणि ती या म्हातारीच्या जागी येऊन बसली होती. त्यांचे दुःख खरे होते, याबद्दल मला शंका नाही. पण कथेतले एकही वाक्य त्या दुःखाने उजळले नाही. उलट पहाटेचा तो परिच्छेदच पुसला गेला.

म्हणजे दोघेही स्वतःच्या आयुष्यातूनच बोलले, आणि तरी दोन वाचनांत जमीन-अस्मानाचे अंतर होते. आमच्या ज्येष्ठांच्या नियमाने दोन्ही एकाच दंडाने बाद होतात. हे मला पटत नाही. अमेरिकन साहित्य-अभ्यासक लुईस रोझेनब्लॅट यांनी 1938 पासून जे मांडले ते आता मला अधिक नेमके वाटते. कविता ही कागदावरची तयार वस्तू नव्हे, विशिष्ट वाचक आणि संहिता यांच्या भेटीत घडणारी ती घटना आहे, असे त्या म्हणतात. पण संहितेतल्या कुठल्याही गोष्टीशी विसंगत नसलेला आणि संहितेत आधार असलेला अर्थच स्वीकारावा, अशी अटही घालतात. बाईंचे वाचन या दोन्ही अटींत बसते. गृहस्थांचे पहिल्याच अटीला अडखळते.

आणि हे सगळे पश्चिमेकडून आणावे लागते असेही नाही. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाचे "सूर्य मावळला" हे उदाहरण आपण दोघांनी घोकले होते. वाक्य एकच, पण सेनापतीला ते शत्रूवर चालून जाण्याची वेळ सांगते, मजुराला काम थांबवायला, गुराख्याला गुरे घराकडे वळवायला आणि दुकानदाराला माल आवरायला. शब्दांचा वाच्यार्थ सर्वांना सारखा; व्यंग्यार्थ, म्हणजे सूचित होणारा अर्थ, मात्र ऐकणारा कोण, कुठे उभा आहे, यावर ठरतो. रससिद्धान्ताचा भाष्यकार अभिनवगुप्त याने तर तुझे आणि माझे दोघांचेही म्हणणे एका जागी बांधले आहे. मनात साठलेल्या वासनासंस्कारांवाचून, म्हणजे पूर्वानुभवांच्या ठशांवाचून, प्रेक्षकाला रस येणारच नाही, असे तो सांगतो, आणि रसाची जी सात विघ्ने सांगतो त्यांत स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हेही एक विघ्न आहे. तेव्हा अनुभव हवा, पण त्याच्या मुठीत सापडलेला माणूस नको. त्या बाई मुठीत सापडलेल्या नव्हत्या. त्या अगदी शांत स्वरात बोलल्या होत्या.

तू आता अमेरिकन समीक्षक स्टॅन्ली फिशची गोष्ट काढशील, म्हणून मीच काढतो. 1971 साली फळ्यावर राहिलेल्या काही भाषाशास्त्रज्ञांच्या नावांच्या यादीभोवती त्यांनी चौकट आखली, पृष्ठक्रमांक लिहिला, आणि पुढच्या तासाच्या विद्यार्थ्यांना ही धार्मिक कविता आहे असे सांगितले; विद्यार्थ्यांनी तिचा सविस्तर अर्थ लावून दाखवला. वाचकाला मोकळे सोडले की असे होते, हा तुझा निष्कर्ष. पण नीट पाहा, त्या विद्यार्थ्यांपैकी कुणी स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलत नव्हते. प्रतीके कशी शोधायची याचे त्यांना पक्के शिक्षण मिळाले होते, आणि त्या शिक्षणानेच यादीची कविता केली. आम्हीही कडी पाहून "आशा" म्हणालो ते शिकलेल्या सवयीनेच. उघडे दार म्हणजे आशा, हे आम्ही इतक्या कथांत वाचले आहे की ही कथा वाचायची राहूनच गेली.

पुढच्या बैठकीत मी असे मांडणार आहे की कुणीही स्वतःबद्दल बोलावे, मात्र बोलून झाल्यावर आपल्याला कोणते वाक्य वेगळे दिसू लागले ते वाचून दाखवावे. ज्येष्ठ रागावतील. रागावू देत. त्या बाईंना निरोप धाडला आहे. त्या येतील की नाही, हे अजून कळलेले नाही, आणि खरी काळजी तीच आहे. कारण त्या आल्या नाहीत तर उजेडाची वाट पाहत बसलेली म्हातारी आम्ही पुन्हा वातावरणनिर्मितीत ढकलून देऊ.

तुझ्या बदलीचे काय झाले? धाकटीच्या परीक्षेचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार सांग, आणि घराच्या डागडुजीचा तुझा तपशील मी वाचला आहे, छपराचे काम आधी कर एवढेच म्हणतो.

एक गोष्ट विचारायची आहे, ती इतकी वर्षे विचारली नाही. काका गेले त्या वर्षी तू मला कळवले होतेस की तुझी ती आवडती कविता, जिच्यातल्या शब्दन्‌शब्दाचे तू आम्हाला विश्लेषण करून दाखवायचास, ती आता तुला वाचवत नाही. कवितेतले अक्षरही बदललेले नव्हते. त्यानंतर ती तू पुन्हा वाचलीस का? वाचली असलीस तर तिच्यातले कोणते वाक्य तुला आता वेगळे दिसते, ते मला सविस्तर लिही.

तुझा,
जुना भांडखोर मित्र