गेमचा डबा किलोवर देण्याआधी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

तालुक्याच्या गावांतली व्हिडिओ गेमची दुकानं केव्हाच बसली. तिथले स्टिअरिंगवाले डबे आता भंगारात चालले आहेत. लोखंड किलोवर, प्लाय पाणी तापवायच्या चुलीत. चांदूर बाजारला माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे असे ‘मेलेले’ डबे बघण्यात येतात. मेलेला असतो तो बहुतेक वेळा नुसता आतला खेळ चालवणारा सर्किट बोर्ड. स्टिअरिंग, पेडल, गिअरचा दांडा ठणठणीत.

बहिरमच्या जत्रेत फिरलेला असा एक डबा मी पीसीवर चालवला. स्टिअरिंगच्या मागे पाच किलोओहमचा पोटेन्शिओमीटर होता, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागचाच प्रकार. त्याच्या दोन टोकांना पाच व्होल्ट आणि ग्राउंड, मधली तार आर्डुइनो लिओनार्डोला, म्हणजे प्रोग्रॅम टाकता येणाऱ्या, यूएसबीनं पीसीला जोडायच्या छोट्या बोर्डाला. योग्य प्रोग्रॅम टाकला की पीसी या बोर्डाला जॉयस्टिक समजतो. स्टिअरिंग फिरवताना बोर्डानं वाचलेला आकडा 0 ते 1023 मध्ये सरळ सरकला पाहिजे. उड्या मारत असेल तर आतली कार्बनची पट्टी मळली किंवा झिजली समजा. गिअर, स्टार्ट आणि नाण्याचा स्विच साधे चालू-बंद. नाण्याची फट मी हौसेनं चालू ठेवली. टोकन टाकल्याशिवाय गाडी सुटत नाही, घरच्या पोट्ट्यांचीसुद्धा!

पडद्याचं काम मात्र खेळ नव्हे. चित्राच्या आडव्या ओळी काढायचा वेग जुन्या मॉनिटरचा बहुधा 15 किलोहर्ट्झ, पीसीच्या साध्या व्हीजीए सिग्नलचा 31. सरळ जोडलं तर चित्र धरत नाही. मी एलसीडी बसवला. पण बंद केलेल्या पिक्चर ट्यूबच्या रबरी टोपीखालीही हजारो व्होल्ट उरलेले असू शकतात. नवख्यानं तिथं हात घालूच नये. भंगारवाले तर मानेवरच्या गुंडाळीतलं तांबं काढायला ट्यूबची मान हातोडीनं उडवतात, आणि शिसं असलेली ती काच नालीकाठी पडून राहते. नगरपालिका प्लास्टिकच्या पिशव्या धरते, याकडे कोणी बघत नाही.

आपल्याकडच्या आयटीआयनी असा एकेक डबा भंगाराच्या भावानं घेऊन ठेवावा. पोरांना वायरिंग, सेन्सर, यूएसबी सगळं एकाच ठिकाणी हाताळता येईल, आणि ट्यूब डिस्चार्ज कशी करायची हे मास्तरांच्या देखरेखीत बघता येईल. अचलपूर-परतवाड्याकडे कोणाचा डबा पडून असेल तर त्यांनी निदान स्टिअरिंगचा भाग तरी अख्खा सोडवून घ्यावा. खेळताना स्टिअरिंगला धक्के देणारी मोटर मी अजून जोडलेली नाही, तिला चालवायला वेगळं ड्रायव्हर सर्किट लागतं. कोणी जोडली असेल तर याच सदरात लिहावं.

आपला,
एक टीव्ही मेकॅनिक
चांदूर बाजार, जि. अमरावती