पान राहिलं की परत आलं?

जुन्नर
सप्टेंबर

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडवायच्या सुरात म्हणालास, "आई, तुझी शिंदळ माकुडी आता सेरोपेजिया झाली!" मी हसले, पण बाबांच्या 'जेवलास का'मध्ये ते बोलणं राहूनच गेलं. म्हणून हे पत्र.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या जुन्नरजवळची ही वनस्पती, शिंदळ माकुडी, वर्णिली आणि तिच्यासाठी अख्खा नवा जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, काढला. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून त्याचं नाव ठेवलं फ्रेरिया. त्यात ही एकटीच, फ्रेरिया इंडिका. पुढे कोणी तिला कॅरॅलुमात बसवलं, कोणी बाउसेरोसियात. मग 2017 साली ब्रॉयन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे हा सगळा मांसल खोडांचा गोतावळाच सेरोपेजियात घालून टाकला. त्यांची अडचण मला कळते. ही मांसल मंडळी सेरोपेजियाच्या वंशवृक्षाच्या आतूनच उगवलेली दिसतात. मग एक तर सेरोपेजियाचे तुकडे करा, नाहीतर सगळ्यांना एका छपराखाली आणा. त्यांनी दुसरं केलं आणि जीनस सातशे जातींच्या आसपास जाऊन बसला. तर्काला धरून आहे, पण फिल्डवर गैरसोयीचं. कंदिलासारखी फुलं लटकणारी वेल आणि निवडुंगासारखं दिसणारं खोड एकाच नावाखाली विद्यार्थ्याला दाखवायचं म्हणजे घसा कोरडा पडतो. सगळ्या तज्ज्ञांनी ते मान्य केलेलं नाहीच. थीसिस संपेपर्यंत तू या भांडणात पडू नकोस, एवढंच माझं म्हणणं.

तुझं खरं काम वेगळीकडेच आहे. हिच्या जवळच्या नातलगांना बघ, खोडं हिरवी, मांसल आणि बिनपानी. ही मात्र पावसाळ्यात चांगली रुंद, गुबगुबीत पानं काढते आणि उन्हाळ्यात ती टाकून नुसत्या खोडावर तग धरते. डाल्झेलच्या वेळी कोणालाही वाटलं असतं की हिने पूर्वजांची पानं जपून ठेवली आहेत. पण तुमच्या वंशवृक्षात ती बिनपानी बाउसेरोसियांच्या घोळक्यात बसते. मग पान राहिलं की परत आलं? त्या बिनपानी खोडांवरही कोवळेपणी पानाचा बारीकसा अवशेष असतो, लगेच वाळून गळतो. म्हणजे पान करायची सोय पुसली गेली नसून नुसती दबली असेल, असं मला वाटतं. हा माझा अंदाज, पुरावा तू दे. शेंड्याचे काप घे, नातलगांचेही घे, सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेव. डीएनएचा क्रम वाचण्यापेक्षा, म्हणजे सीक्वेन्सिंगपेक्षा, स्वस्त आहे, आणि फेलोशिप कधी येते हे आपण बघतोच आहोत.

मागच्या आठवड्यात वर गडावर जाऊन आले. कड्यावर, गुरांचं तोंड पोचणार नाही अशा खाचेत एक झुपका फुलला होता. पाच टोकांची चांदणीच, गडद लाल, वर पिवळे ठिपके आणि पाकळ्यांच्या कडेला केसांची झालर. त्यावर एक माशी बराच वेळ घुटमळत होती. फांदी खोवली की ही सहज रुजते, बागांमधून किती वाटली गेली असेल. रानात मात्र अजून कड्यांनाच धरून आहे.

नमुना दाबताना लक्षात ठेव, मांसल झाडं प्रेसमध्ये मरत नाहीत, कागदातच वाढत राहतात. आधी उकळत्या पाण्यात बुडवून काढायची. फुलं वेगळी स्पिरिटमध्ये. आणि ज्या झाडाचा डीएनए काढशील त्याच झाडाचा नमुना हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात, जमा कर, क्रमांक लेबलवर आणि पेपरमध्ये दोन्हीकडे. मी एकदा एका सीक्वेन्समागचा नमुना शोधत बसले होते. कुठेच नव्हता. ते झाड खरंच त्या जातीचं होतं का, हे आता कोणी सांगू शकत नाही.

करिअरचं विचारलं होतंस. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल कोइमतूरला उसाच्या गुणसूत्रांवर काम करत होत्या. मग इंग्लंडला गेल्या, 1945 मध्ये डार्लिंग्टनबरोबर लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा ॲटलास काढला, पुढे तिथल्याच विझलीच्या बागेत मॅग्नोलियांवर रमल्या, आणि 1951 नंतर भारतात परतून बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाची घडी बसवायला लागल्या. झाडं बदलली, गुणसूत्रं मोजणं काही सुटलं नाही. तेव्हा 'एकाच वनस्पतीत अडकेन का' ही भीती जरा बाजूला ठेव. पानाचा प्रश्न हाताशी असला की झाड कुठलंही चालेल.

वनखात्याकडे परवानगीचा अर्ज मात्र आत्ताच टाक. गडावरच्या जागेसाठी पुरातत्त्वचीही लागेल. दोन्हीकडे वेळ लागतो, आणि फुलं नोव्हेंबरपुढे थांबत नाहीत. अर्जाचा मसुदा पाठव, मराठी मी तपासून देते.

तुझी,
आई